‘ढ’ची मोजपट्टी

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ‘ढ’ हे अक्षर दोनदा भेटते. एकदा मुळाक्षरांच्या तक्त्यावर, ढगाच्या चित्राशेजारी. आणि पुन्हा एकदा वर्गात, मास्तरांच्या तोंडून, एखाद्या मुलाच्या नावाला चिकटलेले. एवढ्या अक्षरांतून नेमके हेच अक्षर मंद मुलाच्या वाट्याला का यावे, याची एक कथा जुनी मंडळी सांगत. अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपी घ्या आणि आजची आपली बाळबोध लिपी घ्या. मधल्या सव्वादोन हजार वर्षांत अक्षरे अशी पालटली, की सख्ख्या भावाने ओळखू नये. ‘ढ’ तेवढा होता तसा राहिला. डोक्यावर रेघ आली इतकेच. तेव्हा सगळा वर्ग पुढे गेला तरी जो आहे तेथेच बसून राहतो, तो ‘ढ’! व्युत्पत्ती म्हणून या कथेचे मोल काय असेल ते असो, पाहणी मात्र बिनचूक आहे. ब्राह्मीचा तक्ता पुढे ठेवला तर तिसरीतले पोरसुद्धा त्यातला ढ ओळखते. मला तर वाटते, ज्याने ते अक्षर काढले त्याने पहिल्याच फटक्यात काम चोख केले होते. पुढे कोणाला हात लावावा लागला नाही.

मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी मास्तरकी करतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. मानसशास्त्र मला कोणी शिकवले नाही. परंतु अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर), पाथर्डीच्या बाजूला एका लहानशा शाळेत वीस वर्षे काढली, आणि गावाने ज्यांना ढ ठरवले अशी पुष्कळ मुले हाताखालून गेली. अशा मुलांसाठी आता चाचणी नावाची वस्तू निघाली आहे. तिचा कागद आणला तर मुलाला परीक्षेत सवलत मिळते, जादा वेळ मिळतो, कधी मदतीला वेगळा शिक्षक मिळतो. हा कागद म्हणजे शेवटी एक मोजपट्टीच. ती कोणी केली, मराठीत कोणी आणली, आणि आमच्या डोंगराकडेच्या गावांपर्यंत येता येता तिचे काय झाले, ही हकिगत मला फार दिवस लिहायची होती.

आरंभ थोडा मागून करतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. कोणाच्या ओटीवर नाहीतर देवळाच्या ओवरीत दहा-वीस मुले. धूळपाटी, मोडीचे वळण, पाढे, पावकी-निमकी. पंतोजींच्या छडीबद्दल आणि छडीहूनही भयंकर शिक्षांबद्दल वाचकांनी वाचलेलेच आहे. त्या शाळेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. मुलींना आणि गावकुसाबाहेरच्यांना तेथे प्रवेशच नव्हता. तथापि त्या शाळेत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे इयत्ता. एकाचा बेचा पाढा चाललेला, शेजारच्याची दिडकी चाललेली, तिसरा पत्राचा मायना गिरवीत बसलेला. मोठा मुलगा धाकट्याला शिकवी. सगळ्यांनी एका दिवशी एकाच धड्यावर असले पाहिजे असा नियमच नसल्यामुळे मागे पडावे तरी कोणाच्या? पंचतंत्रातल्या विष्णुशर्म्याचे पाहा. अमरशक्ती राजाची तीन मुले मूर्ख म्हणून त्याच्या हवाली झाली. त्याने त्यांची प्रतवारी लावली नाही; धडा बदलला, आणि सहा महिन्यांत राजाला दिलेला शब्द पुरा केला.

१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते आले. त्याबरोबर इयत्ता आल्या, वार्षिक परीक्षा आली, घोड्यावर बसून येणारे डिपुटी आले. पुढे तर अशी पद्धत पडली, की जितकी मुले पास होतील त्या मानाने शाळेला अनुदान मिळायचे. मंद मुलगा आतापर्यंत नुसता मंद होता; आता तो शाळेच्या तिजोरीला भोक पाडू लागला. त्याला घरी पाठवणे सोपे होते, आणि पुष्कळदा तेच घडले.

पण ते फार दिवस चालणार नव्हते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात केले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ चा कायदा आला. तो नगरपालिकांपुरता होता, पण दार उघडले. आता ज्याला घरी पाठवायचे त्यालाच पोलीसपाटलाने धरून आणायचे, असा प्रकार झाला. हा पेच आपल्यावर पहिल्यांदा आला असे नाही. पॅरिसच्या शाळामास्तरांवर तो आपल्या आधी आला होता, आणि त्या पेचातूनच मोजपट्टी जन्मली.

फ्रान्समध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १८८२ चा. वीसएक वर्षांत शाळा भरून गेल्या आणि दर वर्गात तळाशी काही मुले साचून राहिली. १९०४ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्याने एक आयोग नेमला. या मुलांना वेगळे शिकवायचे, तर ती ओळखायची कशी? तोपर्यंत ओळखण्याचे काम मास्तर आणि डॉक्टर आपापल्या अंदाजाने करीत. खोडकर मुलगा नकोसा झाला की त्याला मंद म्हणायचे, आणि बड्या घरचा मंद असला तर नाजूक म्हणायचे! त्या आयोगावर आल्फ्रेड बिने नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. माणूस मोठा गमतीचा. आपल्या दोन लहान मुलींना घरी कोडी घालून त्यांची विचार करण्याची तऱ्हा कशी वेगवेगळी आहे, हे त्याने आधीच टिपून ठेवले होते. थेओदोर सिमों या तरुण डॉक्टराला जोडीला घेऊन त्याने १९०५ मध्ये ३० प्रश्नांची एक उतरंड तयार केली. पहिला प्रश्न इतका सोपा, की पेटलेल्या काडीमागे मुलाची नजर फिरते की नाही एवढेच पाहायचे. मग वस्तूंची नावे, रेघांची लहानमोठी तुलना, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, असे करीत करीत शेवटी शब्दांच्या अर्थछटांपर्यंत जायचे. १९०८ मध्ये त्याने हे प्रश्न वयवार लावले: साधारण तीन वर्षांच्या मुलाला काय येते, चार वर्षांच्याला काय येते, असे.

एक गोष्ट मला विशेष आवडते. बिनेने आपली प्रयोगशाळा कोणा विद्यापीठात थाटली नाही. पॅरिसच्या एका गरीब वस्तीत, ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेत, १९०५ मध्ये एक खोली मागून घेतली. तिथले मुख्याध्यापक व्हाने यांनी स्वतः वाचनाची आणि गणिताची एक मोजपट्टी केली होती: अमुक वयाच्या मुलाला शाळेतले अमुक येते. बिनेने ती आपल्या कामात घेतली. मुख्याध्यापकाच्या वहीला शास्त्रज्ञाने इतका मान दिल्याची उदाहरणे फार नाहीत. आणि मुले निवडून तो थांबला नाही. त्यांच्यासाठी त्याने कसरती काढल्या. पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहण्याचा खेळ, क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून सांगण्याचा खेळ. लंगड्या पायाला जसा व्यायाम, तसा मनाला व्यायाम. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेला आणि न वाढणारा ऐवज आहे, असे म्हणणाऱ्यांवर तो १९०९ च्या आपल्या पुस्तकात चांगलाच चिडलेला आहे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मागे पडलेल्या मुलांच्या वर्गांचा कायदा झाला. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, बिने वारला; वय अवघे ५४.

त्याच्या माघारी पट्टीचे जे झाले ते त्याने पाहिले नाही हे बरेच. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन पंडिताने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टर्मनने १९१६ मध्ये त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि ‘बुद्ध्यंक’ जगाच्या बाजारात आला. सोपा आकडा हा मोठा धोकेबाज प्राणी आहे. गॉडर्ड नावाच्या गृहस्थाने बिनेचे प्रश्न घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरणारे थकलेभागले परदेशी लोक मोजले आणि त्यांच्यातले ढीगभर मंदबुद्धी ठरवले. ‘मोरॉन’ हा शब्द त्यानेच १९१० मध्ये शास्त्रीय संज्ञा म्हणून घडवला होता. बघता बघता ती शिवी झाली. आपल्याकडेही तेच घडलेले आहे. ‘मंद’ वाईट वाटले म्हणून ‘मतिमंद’ आला, तो पोरांनी गल्लीत नेला. मग ‘गतिमंद’ आला, त्याचेही तेच झाले. कादंबरीकाराच्या अनुभवाने सांगतो, शब्द धुऊन घेतला तरी ज्या हाताने फेकला जातो तो हात धुतला जात नाही.

उलट लंडनच्या कौन्सिलाने १९१३ मध्ये सिरिल बर्ट याला शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. शाळेच्या पगारावरचा असा हा पहिला माणूस मानतात. पुढे त्याच्या जुळ्या मुलांवरच्या आकड्यांविषयी फार मोठे वादळ उठले, पण ती कथा निराळी.

हिंदुस्थानात ही पट्टी आली ती मिशनरी कॉलेजांच्या वाटेने. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील हर्बर्ट राईस यांनी हिंदुस्थानी बोलणाऱ्या मुलांसाठी ती बसवली आणि १९२९ मध्ये तिचे पुस्तक निघाले. मिशनचे नाव निघाले म्हणून आमच्या नगरचाही एक धागा येथे जोडतो. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आले. त्या मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहूनच जोतिराव फुल्यांच्या मनाने घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईच्या नागपाड्यात काम करीत होते. १९३६ मध्ये टाटांच्या पैशाने समाजकार्याची शाळा निघाली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले, आणि १९३७ मध्ये त्या संस्थेने मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय उघडले. आपल्या देशातले ते पहिले. हट्टी, अबोल, शाळेत न रमणारे मूल घेऊन आईबापांनी जावे, आणि कोणीतरी ते मूल तपासून घरच्यांशी व शाळेशी बोलावे, अशी जागा. वैद्याकडे जावे तसे मनाच्या वैद्याकडे जाण्याची ही नवी रीत होती.

मराठी मुलाची खरी मोजपट्टी मात्र मुंबई-पुण्यात झाली नाही. ती झाली धारवाडात. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात. घराघरांतून कानडी आणि मराठी शेजारी शेजारी नांदत असलेले. तेथे व्ही. व्ही. कामत या शिक्षणशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डचे प्रश्न घेतले आणि ते कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांपुढे ठेवून, घासून, बदलून, पुन्हा ठेवून पाहिले. १९३४ मध्ये त्यांचा लेख विलायतेतील शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. १९४० मध्ये ऑक्सफर्डने हिंदुस्थानी मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक काढले. १९६७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघालेली आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकाला चार आवृत्त्या! आमच्या कादंबऱ्यांना हे भाग्य कोठले?

कोल्हापूरच्या सक्तीपासून कामतांच्या लेखापर्यंत १७ वर्षे जातात. फ्रान्सात कायद्यापासून आयोगापर्यंत २२ गेली होती. शाळेचे दार सगळ्यांना उघडले की एका पिढीच्या आत कोणीतरी पट्टी घेऊन येतोच, असे दिसते. प्रश्न एवढाच उरतो, की ती पट्टी तो दाराच्या आत उभा राहून वापरतो की बाहेर.

‘बिने-कामत’ या नावाने ही चाचणी आजही वापरात आहे. तीन वर्षांच्या मुलापासून २२ वर्षांच्या तरुणापर्यंत तिचे प्रश्न आहेत. पद्धत साधी आहे. खालच्या वयांसाठी दर वयाचे सहा प्रश्न, आणि एकेका प्रश्नाची किंमत दोन महिने. ज्या वयाचे सगळे प्रश्न मुलाला येतात तेथे पाय रोवायचा. मग वर चढत जायचे. ज्या वयाचा एकही येत नाही तेथे थांबायचे. मिळालेले महिने जोडले की मानसिक वय निघते. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ आले, तर बुद्ध्यंक ८०. प्रश्न तोंडी असतात, एका वेळी एकाच मुलाला विचारायचे असतात, आणि जाणता परीक्षक आकड्याइतकेच मूल कसे उत्तर देते ते पाहतो: चुकल्यावर हसते की घाबरते, आकडे ध्यानात राहत नाहीत की शब्द सापडत नाहीत. ही बारीक नोंद हेच खरे निदान. दुर्दैवाने कागदाच्या शेवटी जो आकडा असतो तो ठळक अक्षरात असतो.

या पट्टीला दुसरीही एक अडचण आहे. तिचे ठोकताळे १९३० च्या दशकातल्या मुलांवर बसवलेले. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की देशोदेशी पिढीमागून पिढी मुले या चाचण्यांत वर सरकत गेली आहेत. म्हणजे आजच्या मुलाला आजोबांच्या पट्टीने मोजले तर तो आहे त्याहून उंच दिसतो. आईबापांना ऐकायला गोड. पण ज्याला मदत मिळण्यासाठी आकडा ७० च्या खाली यावा लागतो, त्याचा ७४ आला तर ही चार अंकांची मेहेरबानी त्याला फार महाग पडते.

नागपूरनेही या कामात हात घातला होता. तिथल्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्स्लरची मुलांची चाचणी हिंदुस्थानी मुलांसाठी बसवली. १९६९ ची ती चाचणी मालिनच्याच नावाने चालते. तिच्यात अर्धे काम शब्दांचे आणि अर्धे हातांचे आहे: ठोकळे जुळवा, चित्रात काय राहिले ते सांगा. ज्याचे तोंड उघडत नाही त्याचे हात बोलतात, ही तिची सोय.

तोंड उघडत नाही, यावरून एक मुलगा आठवतो. नाव सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी तो आमच्याकडे नववीत होता. आमच्या पाथर्डी-शेवगावकडची निम्मी माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी उरकली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचे, आणि पाडव्याच्या पुढेमागे परत यायचे. या मुलाची शाळा त्यामुळे वर्षातली जेमतेम अर्धी. वाचन अडखळत, जोडाक्षर आले की थांबे. पण बापाची उचल किती, किती टनांत किती फिटली, वाढे विकून किती आले, हे तो गाडीवर बसल्या बसल्या तोंडी सांगे, आणि मुकादमाच्या वहीतली चूक काढी. मला वाटले, याला तपासून घ्यावे. बाप म्हणाला, “गुर्जी, पोरगं येडं हाय का न्हाई, येवढं लिहून आनायचं का?” मी म्हटले, नाही, त्याला कोणती मदत पाहिजे ते लिहून आणायचे.

शिबिरात नंबर लागला. दाराशी तीसएक मुले ताटकळत होती, परीक्षक एकच. शहरी, स्वच्छ, पुस्तकी मराठीत प्रश्न आले. बाप नंतर मला म्हणाला, “त्यो बोल्लाच न्हाई, गुर्जी. पाय बगत बसला.” आकडा आला ७८. आता ७० च्या खाली असता तर बौद्धिक अक्षमतेचा कागद मिळाला असता; ८५ च्या वर असता तर लेखन-वाचनाची वेगळी तपासणी झाली असती. मधल्या ओसरीवर उभ्या असलेल्या मुलाला कोणत्याच यादीत जागा नव्हती, आणि २०१६ च्या कायद्यातही त्याच्यासाठी वेगळा रकाना नाही. शाळेत मी त्याला तोंडी प्रश्न विचारू लागलो, पण बोर्डाच्या परीक्षेला माझे तोंड काय कामाचे? नववीनंतर तो आला नाही. आज तो एका मुकादमाच्या टोळीचा सगळा हिशेब सांभाळतो. वही त्याची बायको लिहिते.

त्याला ज्या दुसऱ्या तपासणीची गरज होती, तिची कथा मुंबईची. बुद्धी चांगली, डोळे-कान धड, शाळा नियमित, आणि तरीही वाचता-लिहिता येत नाही अशी मुले असतात, हे आपल्या शाळांनी फार उशिरा मान्य केले. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांसाठी चिकित्सालय चालू झाले, डॉक्टरांनी आणि पालकांनी पाठपुरावा केला, आणि १९९६ मध्ये महाराष्ट्र सरकारने या मुलांना परीक्षेत सवलती मंजूर केल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेपासून सुटका, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित. ज्या मुलांचे हाल आईबापांनी आळस म्हणून सोसले होते, त्यांच्या हाती पहिल्यांदाच एक कागद आला. मात्र तो कागद बरीच वर्षे मुख्यतः मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून मिळे. मुंबईच्या पालकाला तो लोकलच्या तिकिटाचा प्रश्न; पाथर्डीच्या माणसाला नगर गाठायचे तरी पन्नास किलोमीटर, मुंबईची तर गोष्टच सोडा. २००७ च्या अखेरीस ‘तारे जमीन पर’ आला आणि गावच्या पोरांनीसुद्धा मोबाईलवर पाहिला. मग पालक विचारू लागले. सिनेमाने जे केले ते परिपत्रकांनी दहा वर्षांत केले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पण सिनेमातल्या मुलाला चित्रकलेचा मास्तर सापडला, कागद काढायला रजा घ्यावी लागली नाही.

याही तपासणीत पट्टी बाहेरचीच होती. इंग्रजी वाचनाचे खाचखळगे वेगळे, मराठीचे वेगळे. इंग्रजीत लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे. आपल्याकडे बहुतेक बोलावे तसे लिहिता येते. म्हणून आपले अडखळणारे मूल कसेबसे अक्षर लावून वाचते आणि चटकन नजरेत भरत नाही. त्याची गाडी रुतते ती इतरत्र. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मागून. रफार उच्चारायचा आधी आणि द्यायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘धर्म’ हा शब्द अशा मुलाकडून लिहून घेऊन पाहा. शिवाय आमच्याकडचे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते आणि तसेच लिहिते. हा रोग नव्हे. ही त्याच्या आईची भाषा आहे. परीक्षकाला हा फरक कळला नाही तर धडधाकट मूल आजारी ठरते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग यांच्या देखरेखीखाली ‘डाली’ नावाची तपासणी तयार झाली. २०१५ मध्ये ती हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजीत निघाली. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक, तिसरी ते पाचवीसाठी एक. धारवाडच्या कामतांनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा तीच दोन नावे शेजारी आली, मराठी आणि कानडी, हे वाचून मला बरे वाटले.

२०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने लेखन-वाचनाच्या या अडचणीला पहिल्यांदा अपंगत्वाच्या यादीत घेतले. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता २१ झाले. २०१८ मध्ये केंद्राने तपासणीचे नियम छापले. आठव्या वर्षाच्या आत कागद द्यायचा नाही, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचे. बुद्धीसाठी मालिनची नाहीतर वेक्स्लरची चाचणी, आणि ती ८५ च्या वर गेली तर बंगळूरच्या निम्हान्सने केलेल्या वाचन-लेखनाच्या चाचण्या. नागपूरची पट्टी अशी दिल्लीच्या राजपत्रात जाऊन बसली.

आणि पहिली चाळणी कोणी लावायची? तर शाळामास्तरने, तिसरीत, मूल आठ वर्षांचे असताना. व्हाने मास्तरांची वही शंभर वर्षांनी आमच्या हातात आली, असे म्हणायला हरकत नाही. उशीर मात्र येथेच होतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. हेतू चांगलाच होता. परंतु कोणी नापास होत नाही म्हटल्यावर कोणी तळाशी वाकून पाहीना. मूल आठ वर्षे शांतपणे वर सरकत जाई, आणि नववीत, दहावीच्या अर्जाची तारीख जवळ आली की घरची आणि शाळेची एकदम धावपळ. पुढे २०१९ मध्ये कायदा बदलला, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी-आठवीची परीक्षा परत आणली. परीक्षा मूल अडखळले हे सांगते. कशाला अडखळले, हे सांगणारे माणूस वेगळे लागते.

आमच्या तिसरीच्या पटावर यंदा २८ नावे आहेत. तपासणीच्या तक्त्यात पहिला रकाना नावाचा, दुसरा जन्मतारखेचा, तिसरा हजेरीचा. कारण शाळाच बुडालेल्या मुलाला वाचता येत नाही याचा अर्थ त्याला अडचण आहे असा होत नाही, हे तपासणाऱ्याला आधी कळायला हवे. माझ्या अंदाजाने सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा २८ पैकी ११ मुले प्रवरा-गोदेकाठच्या कारखान्यांवर, कोपीच्या दारात धाकट्या भावंडाला सांभाळीत असतील. म्हणून यंदा मी तक्ता दिवाळीआधीच काढला. वाचून घेण्याचे काम वसुबारसेच्या आदल्या दिवशी संपले. पाच नावांपुढे खूण केली आहे, आणि त्यातल्या तिघांचे आईबाप बलिप्रतिपदा झाली की निघणार आहेत. त्यांच्या मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक मी घेऊन ठेवला आहे.